‘इयत्ता’ शब्दाची कुळकथा

घरीं पाहुणे आले म्हणजे घरांतल्या लहान मुलास दोन प्रश्न हटकून विचारले जातात. पहिला प्रश्न नांवाचा, आणि दुसरा, “कितवींत आहेस, बाळ?” मूल “चौथींत” असें उत्तर देतें आणि पाहुण्यांचें समाधान होतें. या एका शब्दावरून त्यांना मुलाचें वय कळतें, त्याला काय काय येत असावें याचा अंदाज बांधतां येतो, आणि त्याचें शिक्षण वेळेवर चाललें आहे कीं मागें पडलें आहे, हेंही ध्यानांत येतें. वय, विद्या आणि काल या तिहींचा हिशेब एका दमांत उरकणारा असा दुसरा शब्द मराठींत क्वचितच सांपडेल.

मौज अशी कीं, ज्या शब्दावर हा सगळा भार आहे तो या संवादांत कोणी उच्चारलेलाच नसतो. “चौथी” हें केवळ विशेषण आहे. त्याचें विशेष्य “इयत्ता” हें होय. वर्ग म्हटला तर तो चौथा, पुस्तक म्हटलें तर तें चौथें, वर्ष म्हटलें तरीही तें चौथेंच. मग मराठी मूल “चौथींत” कां असतें? कारण इयत्ता हा शब्द स्त्रीलिंगी आहे. बोलण्याच्या ओघांत शब्द गळून पडला, परंतु त्याचें लिंग मागें राहिलें. घरधनी गांव सोडून जावा आणि दारावरची त्याच्या नांवाची पाटी तेवढी राहावी, तसा हा प्रकार आहे. त्या पाटीवरून धन्याचा शोध घेऊं लागलें म्हणजे एक लांबची आणि बरीच उद्बोधक कथा हातीं लागते.

“इयत्ता” हा शब्द शुद्ध संस्कृत आहे. “इदम्” म्हणजे हें. त्याला परिमाणवाचक प्रत्यय लागून “इयत्” म्हणजे एवढें, हें रूप पाणिनीच्या नियमानें सिद्ध होतें. “किम्” पासून “कियत्”, म्हणजे केवढें, होतें तोच हा मार्ग. “इयत्” ला भाववाचक “ता” प्रत्यय लागला कीं “इयत्ता” तयार होते. सरळ मराठींत सांगावयाचें तर इयत्ता म्हणजे “एवढेपणा”. एखादी वस्तु किती आहे, तिचें माप काय, तिची मर्यादा कोठें संपते, हें ज्या शब्दानें सांगावयाचें तो हा शब्द. शाळा, वर्ग, परीक्षा, वर्ष यांपैकीं कशाचाही त्याच्याशीं मुळांत कांहींएक संबंध नव्हता.

कालिदासानें रघुवंशांत हा शब्द मोठ्या मार्मिकपणें योजिला आहे. दहाव्या सर्गांत देव विष्णूची स्तुति करून थांबतात, आणि थांबण्याचें कारण आपला थकवा किंवा असमर्थता हें आहे, गुणांची इयत्ता झाली हें नव्हे, असें सांगतात. तेराव्या सर्गांत विमानांतून लंकेहून परततांना राम सीतेला समुद्र दाखवितो. तेथेंही विष्णूच्या रूपाप्रमाणें या सागराचें रूप असें आहे किंवा एवढें आहे, असा निश्चय करतां येत नाहीं, असा आशय आहे. दोन्ही स्थळीं इयत्ता हा शब्द ज्याची इयत्ता नाहीं अशा वस्तूसाठीं आला आहे. अमर्याद वस्तूचें वर्णन करतांना कवीनें जो शब्द नकारार्थी वापरला, तोच पुढें आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या पाटीवर नेमका आंकडा घालून लिहिला गेला. शब्दांच्या नशिबांत अशीं स्थित्यंतरें असतात.

हा शब्द शाळेंत कसा आला हें समजण्यासाठीं त्यापूर्वीं महाराष्ट्रांतील शिक्षणाचें माप कसें घेतलें जाई, हें पाहिलें पाहिजे. पंतोजीच्या शाळेंत वर्ग नव्हते. ओसरीवर किंवा देवळाच्या सभामंडपांत मुलें बसत. कोणी धुळपाटीवर अक्षर गिरवी, कोणी बाराखडी म्हणे, कोणी पाढे घोकी, तर कोणी मोठा मुलगा बोरूनें मोडी पत्राचा मायना उतरवून काढी. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी अशा पायऱ्या होत्या, परंतु त्या चढावयास अमुकच वेळ लागला पाहिजे असा दंडक नव्हता. तल्लख मुलगा झपाट्यानें पुढें जाई; मंद मुलगा सावकाश जाई; शेतीच्या हंगामांत कोणी महिनाभर न आला तरी परत आल्यावर जेथें सोडलें तेथूनच पुढें आरंभ करी. शिक्षणाचें माप मुलाच्या मुखीं आणि हातीं होतें. तें पंचांगांत नव्हतें.

संस्कृत विद्येची स्थितिही अशीच होती. विद्यार्थ्यास कोणी “कितवें वर्ष?” असें विचारीत नसे, “काय झालें?” असें विचारीत. रूपावलि झाली, अमर झाला, रघुवंशाचे अमुक सर्ग झाले, हें त्याचें उत्तर असे. वैदिकांमध्यें “दशग्रंथी” ही पदवी दहा ग्रंथ मुखोद्गत असणारास मिळे. मग तें पाठांतर बारा वर्षांत झालेलें असो कीं वीस वर्षांत. पेशवाईंत पुण्यास श्रावणमासीं दक्षिणा वाटली जाई, तेव्हांही पंडितांची परीक्षा होत असे, आणि तीही विद्येचीच होती. म्हणजे “इयत्ता” हा शब्द शाळेंत नसला तरी त्याचा मूळ अर्थ तेथें पुरेपूर नांदत होता. विद्येचा एवढेपणा मोजला जात होता; वर्षें कोणी मोजीत नव्हतें.

हें चित्र फार गोड करून पाहण्याचेंही कारण नाहीं. त्या शाळांत छापील पुस्तकें नव्हतीं, मुलींना आणि समाजाच्या फार मोठ्या भागाला तेथें प्रवेश नव्हता, आणि शिक्षेचे प्रकार ऐकून अंगावर शहारे यावे असे होते. ज्याला शाळेचा उंबरठाच ओलांडूं दिला नाहीं, त्याच्या विद्येची इयत्ता कोण मोजणार? तेव्हां जुनें सर्व मोकळें आणि नवें सर्व जाचक, असा निवाडा करणें न्याय्य होणार नाहीं.

पेशवाई बुडाल्यावर पुण्यास विश्रामबाग वाड्यांत १८२१ सालीं संस्कृत पाठशाळा निघाली, आणि मुंबईंत १८२२ सालीं शाळा व शाळापुस्तकें यांकरितां एक मंडळी स्थापन झाली. देशी शिक्षणांतील दोष शोधून काढण्यासाठीं या मंडळीनें एक समिति नेमली. समितीनें मुख्यतः चार उणिवा दाखविल्या: पुस्तकांची, पद्धतीची, शिक्षकांची आणि पैशाची. यांपैकीं “पद्धती”ची उणीव भरून काढण्यासाठीं विलायतेंत त्या वेळीं गाजत असलेल्या लँकेस्टरच्या योजनेकडे लक्ष गेलें. एका शिक्षकानें शेंकडों मुलें शिकवावयाचीं तर त्यांच्या टोळ्या पाडल्या पाहिजेत आणि प्रत्येक टोळीवर एकेक हुशार मुलगा नायक नेमला पाहिजे, अशी ती योजना होती. याच प्रकारची पद्धत चालविणारा दुसरा गृहस्थ अँड्र्यू बेल यास तिची कल्पना मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेवर असतांना सुचली. तिकडच्या देशी शाळेंत वाळूवर अक्षरें गिरविणारीं मुलें पाहून त्यानें धडा घेतला होता. म्हणजे हिंदुस्थानच्या धुळींतील एक युक्ति विलायतेस गेली आणि विलायती पोशाख चढवून परत आली.

लँकेस्टरच्या शाळेंतील एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. तेथें वाचनाचे वर्ग निराळे आणि गणिताचे वर्ग निराळे असत. एकच मुलगा वाचनांत वरच्या टोळींत आणि हिशेबांत खालच्या टोळींत बसूं शके. मुलाला ज्या विषयांत जेवढें येतें तेवढी त्याची जागा, हें तत्त्व तेथें अद्यापि शाबूत होतें. वर्ग आले होते, पण विद्येची आणि वर्षाची गांठ अजून पडलेली नव्हती.

ती गांठ मारली गेली १८६२ सालीं, आणि ती लंडनमध्यें. प्राथमिक शाळांवर सरकारी तिजोरींतून होणारा खर्च वाढत चालला होता, आणि त्या खर्चाचें फळ काय, असा प्रश्न पार्लमेंटांत विचारला जात होता. शिक्षणखात्याची धुरा वाहणारा रॉबर्ट लो हा हिशेबी मनुष्य होता. त्यानें “सुधारलेली संहिता” या नांवानें नवे नियम अमलांत आणले. शाळेला मदत मिळावयाची ती मुलें परीक्षेंत उतरतील त्या मानानें. ही पद्धत स्वस्त पडली नाहीं तर ती फलदायी ठरेल, आणि फलदायी ठरली नाहीं तर निदान स्वस्त तरी पडेल, असा युक्तिवाद त्यानें पार्लमेंटांत केला होता.

मुलांचें माप घेण्यासाठीं लोच्या संहितेंत सहा पायऱ्या आंखल्या होत्या. प्रत्येक पायरीस इंग्रजींत “स्टँडर्ड” हें नांव दिलें होतें. पहिल्या स्टँडर्डांत एकावयवी शब्दांची गोष्ट वाचणें, सांगितलेलीं अक्षरें पाटीवर काढणें आणि वीसपर्यंतचे आंकडे लिहिणें-ओळखणें एवढें यावें. सहाव्यांत वर्तमानपत्रांतील साधा परिच्छेद वाचतां यावा, तसाच दुसरा परिच्छेद सावकाश सांगितल्यास उतरून घेतां यावा, आणि मालाच्या पट्टीचा हिशेब करतां यावा. सहा वर्षांवरील ज्या मुलाची हजेरी पुरेशी भरे त्याच्यामागें शाळेस आठ शिलिंग मिळत. परंतु वाचन, लेखन आणि गणित यांपैकीं ज्या विषयांत मूल नापास होईल त्या प्रत्येकामागें दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. वर्षांतून एकदां तपासनीस येई, मुलांना रांगेंत उभे करी, आणि त्याच्या टांकाच्या एका फरकाट्यानें मास्तराच्या पोटाला चिमटा बसे.

“स्टँडर्ड” या शब्दाचा इंग्रजींतील मूळ अर्थ निशाण असा होता. राजाच्या निशाणाखालीं जें माप प्रमाण म्हणून ठरलें तें “स्टँडर्ड” माप, असा अर्थविस्तार होत होत वजनें आणि मापें यांसाठीं तो रूढ झाला. लोच्या संहितेंत तोच वजना-मापाचा शब्द मुलांच्या विद्येस लावला गेला. यांत फारसें बिघडण्यासारखें नव्हतें; परंतु त्याच्या जोडीला आणखी एक कलम होतें, आणि सर्व इतिहास त्या कलमानें फिरविला. एकदां ज्या स्टँडर्डांत मुलाची परीक्षा झाली, त्याच किंवा त्याखालच्या स्टँडर्डांत त्याला पुन्हां परीक्षेस बसवितां कामा नये, असा तो नियम होता. परीक्षा वर्षांतून एकदां. आणि दर परीक्षेस पायरी वरची. झालें! माप आणि वर्ष यांची लग्नगांठ पडली. ज्या शब्दाचा अर्थ “इतकी विद्या” असा होता त्याचा अर्थ हळूहळू “शाळेंतील इतकें वर्ष” असा होऊं लागला.

या पद्धतीचे परिणाम विलायतेंतच प्रथम दिसून आले. प्रसिद्ध कवि आणि टीकाकार मॅथ्यू आर्नल्ड हा स्वतः शाळातपासनीस होता. या पद्धतीनें शिक्षण यांत्रिक झालें, असें तो आपल्या अहवालांतून वारंवार लिहीत राहिला. वर्षभर एकच वाचनपुस्तक घोकून मूल परीक्षेंत उतरे, परंतु दुसरें कोणतेंही पुस्तक त्याच्यापुढें ठेवलें तर तें अडखळे. विषय तीनच मोजले जात, म्हणून शाळेंत तीनच विषय उरले. हुशार मुलाकडे लक्ष देण्याचें कारण नव्हतें, कारण तें उतरणारच. अगदीं मंद मुलाकडे लक्ष देण्यांत अर्थ नव्हता, कारण तें बुडणारच. तेव्हां मधल्या मुलांनाच ठोकून ठोकून घडवावें, हा मास्तराचा व्यवहार ठरला. शतक संपण्यापूर्वीच इंग्लंडनें ही पद्धत सोडून दिली.

तोंपर्यंत ती मुंबईच्या बंदरांत उतरून कोंकण-देशावर पसरली होती. १८५४ च्या खलित्यानें हिंदुस्थानांत शिक्षणखात्यांचा पाया घातला. मुंबई इलाख्यांत १८५५ सालीं हें खातें सुरू झालें. १८६० नंतरच्या दशकांत इलाख्यांतील खाजगी शाळांना परीक्षेच्या निकालावर मदत देण्याची रीत सुरू झाली, आणि तिच्याबरोबर “स्टँडर्ड” ही पायरीही आली. आतां खात्याच्या कागदोपत्रीं या पायरीस देशी भाषेंत नांव पाहिजे होतें.

येथें निरनिराळ्या भाषांनीं निरनिराळे मार्ग धरले, आणि ते तुलनेनें पाहण्यासारखे आहेत. त्याच मुंबई इलाख्यांतील गुजराथींत “धोरण” हा शब्द रूढ झाला. मराठी माणसास “धोरण” म्हटलें म्हणजे राज्यकारभार आठवतो, परंतु गुजराथी मूल आजही “चोथा धोरणा”त शिकतें. हिंदींत “दर्जा” होता आणि पुढें “कक्षा” आली. उर्दूंत “जमात”, म्हणजे समुदाय. बंगालींत “श्रेणी”, म्हणजे रांग. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यांत प्राथमिक शिक्षणाचे “प्रिमेइर” आणि “सेगुंद ग्राव” होते. “ग्राव” म्हणजे पायरी. मराठीनें “वर्ग” हा शब्द मुलांच्या टोळीसाठीं आणि त्यांच्या खोलीसाठीं राखून ठेवला, आणि “स्टँडर्ड”साठीं “इयत्ता” पसंत केला. बेळगांव-धारवाडकडील कानडींतही “इयत्ते” म्हणून तो गेला. ज्या कोणा शास्त्र्याच्या किंवा पंडिताच्या लेखणींतून ही योजना उतरली असेल त्याची शब्दकळा खरोखर वाखाणण्यासारखी आहे. “स्टँडर्ड” म्हणजे माप, आणि “इयत्ता” म्हणजेही माप. कक्षा, जमात, श्रेणी यांत मुलें कोठें बसलीं आहेत हें दिसतें. मुलाला किती येतें, हें विचारणारा शब्द त्यांत एक इयत्ताच आहे.

शब्द असा अचूक बसला, तरी नशीब मूळ इंग्रजी शब्दाचेंच वाट्यास आलें. खेडोपाडीं वर्षांतून एकदां शाळातपासनीस येत. लोकांच्या तोंडीं त्यांचें नांव “दिपोटी”. दिपोटी यावयाचे म्हणजे गांवांत धांदल उडे. शाळा सारवून निघे, मुलांच्या टोप्या आणि सदरे धुतले जात. एका दुपारच्या परीक्षेवर मुलाचें वर्ष ठरे. पास झाला तर वरच्या इयत्तेंत “चढला”, नापास झाला तर त्याच इयत्तेंत “राहिला”. हीं दोन क्रियापदें मराठी घरांत इतकीं खोल रुजलीं कीं, मुलगा नापास झाल्यास आई “त्याला गणित आलें नाहीं” असें म्हणत नसे. “त्याचें वर्ष फुकट गेलें” असें म्हणे. गणिताचें दुःख मागें पडून वर्षाचें दुःख पुढें आलें होतें.

इयत्तेच्या अलीकडेही एक जागा होती. पाटीवर रेघोट्या ओढणारें, अजून अक्षरओळख नसलेलें मूल कोणत्या इयत्तेंत घालावें? तें इयत्तेवांचून, म्हणून त्या वर्गास “बिगर-इयत्ता” म्हणत. लोकांच्या जिभेवर त्याची “बिगरी” झाली. खात्याच्या पुस्तकांतील एका संस्कृत शब्दाचा आणि एका यावनी अव्ययाचा हा संकर जुन्या पिढींतील कित्येकांना आपल्या शाळेच्या पहिल्या दिवसाची आठवण म्हणून प्रिय होता.

पुढें इयत्तेच्या दोन शिड्या झाल्या. मुलगा मराठी पहिली ते चौथी शिके आणि इंग्रजी शाळेंत गेला कीं पुन्हां “पहिली”पासून आरंभ करी. इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिकचा वर्ग. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं निघालें आणि त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ सालीं झाली. तींत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. त्यामुळें मॅट्रिकला जें तेज चढलें तें पुढें पाऊणशें वर्षें ओसरलें नाहीं. ज्याला इंग्रजी शाळा परवडत नसे तो मराठी शाळेंतच सातवीपर्यंत जाऊन “व्हर्नाक्युलर फायनल” होई, आणि तेवढ्यावर प्राथमिक शिक्षकाची किंवा तलाठ्याची नोकरी मिळवी. म्हणजे “सातवी” हा एकच आंकडा दोन घरांत दोन अर्थांचा असे. एका घरांत ती मराठी सातवी, तिच्यापुढें गांवची चावडी. दुसऱ्या घरांत ती इंग्रजी सातवी, तिच्यापुढें कॉलेज आणि कचेरी. कोणती शिडी मिळावयाची, हें पुष्कळदां बापाची ऐपत आणि जात यांवरून ठरे. मुलाच्या विद्येची इयत्ता तेथें कोणी विचारीत नसे.

ही विषमता ज्यांस प्रथम बोंचली त्यांत जोतीराव फुले अग्रगण्य होत. १८८२ सालीं हंटर साहेबांच्या शिक्षण आयोगापुढें त्यांनीं निवेदन सादर केलें. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचें असावें, अशी त्यांची मागणी होती. मोडी आणि बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांचीं मूलतत्त्वें, आणि शेतीचें प्राथमिक ज्ञान मुलांना मिळावें, असें त्यांनीं मांडलें. यांत एक बारकावा आहे. फुल्यांनीं सक्तीची मर्यादा सांगितली ती वयाची, आणि शिक्षणाचें माप सांगितलें तें विषयांचें. मुलाला किती वर्षें शाळेंत ठेवावें आणि त्याला काय यावें, हे दोन प्रश्न त्यांनीं एकमेकांत मिसळूं दिले नाहींत. ज्या व्यवस्थेनें हे दोन्ही प्रश्न एका शब्दांत कोंबले होते तिच्यापुढें हें निवेदन ठेवलें गेलें, हें स्मरणीय आहे.

१९०४ सालीं हिंदुस्थान सरकारनें शैक्षणिक धोरणाचा जो ठराव प्रसिद्ध केला, त्यांत निकालावर मदत देण्याची रीत सोडल्याचें जाहीर झालें. रीत गेली, तिची शिडी राहिली. त्या शिडीवरून किती मुलें खालीं पडतात हें १९२९ सालीं हार्टोग समितीच्या अहवालानें दाखविलें. १९२२-२३ सालीं पहिल्या वर्गांत असलेल्या दर शंभर मुलांमुलींपैकीं १९२५-२६ सालीं अवघीं अठरा चौथ्या वर्गांत पोंचलीं होतीं. उरलेल्या ब्यायशींपैकीं कांहीं खालच्याच वर्गांत अडकलीं होतीं आणि बाकीचीं शाळा सोडून गेलीं होतीं. समितीनें एकीला गळती म्हटलें आणि दुसरीला साचलेपणा. चौथीपर्यंत न पोंचलेलें मूल चार-दोन वर्षांत अक्षरही विसरतें, म्हणून त्याच्यावर झालेला खर्च पाण्यांत गेला, असा समितीचा हिशेब होता. परंतु दुसराही हिशेब मांडतां येतो. जें मूल दोनदां नापास होऊन शाळा सोडून शेतावर गेलें त्याला जन्मभर एवढेंच आठवत राहिलें कीं, आपल्याला डोकें नाहीं. इयत्ता या शब्दानें त्याच्या विद्येचें माप घेतलें नव्हतें; त्याच्या लायकीचें माप घेतलें होतें.

स्वातंत्र्यानंतर शिड्या पुन्हां एक झाल्या. शालान्त परीक्षेचें मंडळ मुंबई राज्यांत स्थापन होऊन मॅट्रिकच्या जागीं एस्. एस्. सी. आली, आणि आंकडे पहिलीपासून अकरावीपर्यंत सलग मोजले जाऊं लागले. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाच्या शिफारशीनंतर दहा, दोन आणि तीन वर्षांची रचना आली, आणि १९७५ सालीं महाराष्ट्रांत दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. मॅट्रिकच्या गळ्यांतील हार दहावीच्या गळ्यांत पडला. इंग्लंडनें “स्टँडर्ड” हा शब्द टाकून देऊन पुढें आपल्या शाळांत “पहिलें वर्ष, दुसरें वर्ष” असें सरळ म्हणण्यास आरंभ केला. मुंबईच्या इंग्रजी शाळांत मात्र “फोर्थ स्टँडर्ड” अजून आहे, आणि बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या मुखपृष्ठावर “इयत्ता” हा शब्द छापला जातो. मूळ घरीं शब्द मेला. दत्तक घरीं तो नांदतो आहे.

इयत्ता मापाची कीं वर्षाची, या जुन्या वादाला एकविसाव्या शतकांत पुन्हां तोंड फुटलें. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें दोन गोष्टी ठरविल्या. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयास शोभेल त्या वर्गांत बसवावें, आणि आठवी पुरी होईपर्यंत कोणत्याही मुलास खालच्या वर्गांत अडकवून ठेवूं नये. हार्टोग समितीच्या काळापासून साचलेलें पाणी वाहतें व्हावें, आणि “नापास” हा शिक्का लहान वयांत बसूं नये, असा त्यामागील हेतु होता. या कायद्यानें इयत्ता उघडउघड वर्षाची झाली. मूल वर्षागणिक चढूं लागलें. परंतु विद्या त्याच्याबरोबर चढते कीं नाहीं, हा प्रश्न मागें राहिला. “असर” या नांवानें ग्रामीण भागांत होणाऱ्या पाहणींत २०२२ सालीं असें दिसलें कीं, देशांतील पांचवींतल्या मुलांपैकीं दुसरीच्या पुस्तकांतील उतारा ४२.८ टक्के मुलांनाच वाचतां येत होता. त्या वर्षीं कोरोनाच्या सांथींत शाळा बंद राहिल्याचा परिणाम त्यांत मिळालेला होता. परंतु त्यापूर्वीं २०१८ सालींही हें प्रमाण निम्म्याच्या आसपासच होतें. पुढें २०१९ च्या दुरुस्तीनें पांचवी आणि आठवीच्या शेवटीं परीक्षा घेऊन मुलास त्याच वर्गांत ठेवण्याची मोकळीक राज्यांना मिळाली, आणि २०२३ सालीं महाराष्ट्रानें ती स्वीकारली.

या दोन टोंकांमध्यें शिक्षणव्यवस्था हेलकावे खाते, त्याचें कारण एका शब्दांत दोन मापें कोंबलेलीं आहेत, हें होय. मूल अडकवून ठेवलें तर तें खचतें आणि शाळा सोडतें. न अडकवतां पुढें ढकललें तर न कळणाऱ्या पुस्तकापुढें मुकाट्यानें बसतें. दोन्हींकडे एक समजूत सारखीच आहे: एका वर्षांत सर्व विषयांत सर्व मुलांची सारखीच वाढ झाली पाहिजे. पंतोजीच्या ओसरीवर ती नव्हती, वेदशाळेंत नव्हती, आणि लँकेस्टरच्या गजबजलेल्या शाळेंतही नव्हती. ती सृष्टिनियमांतून आलेली नाहीं. तिजोरीच्या हिशेबासाठीं आंखलेल्या एका कोष्टकांतून आलेली आहे.

कोष्टकावांचून मोठी व्यवस्था चालत नाहीं, हेंही खरेंच. कोट्यवधि मुलांच्या शाळा पंतोजीच्या ओसरीसारख्या चालवितां येणार नाहींत. पुस्तकें कोणासाठीं छापावीं, शिक्षक किती नेमावे, याला कांहीं क्रम लागतोच. समवयस्क मुलांनीं एकत्र वाढावें, यांतही मोठें सुख आणि शिक्षण आहे. म्हणून इयत्ता मोडून टाकावी, असा निष्कर्ष या इतिहासावरून निघत नाहीं. निघतो तो एवढाच कीं, वर्षाची इयत्ता आणि विद्येची इयत्ता या दोन वस्तु आहेत, आणि एकीवरून दुसरीचें अनुमान करूं नये. मूल पांचवींत बसावें, पण त्याला तिसरीचें वाचन येत नसेल तर दिवसांतून घटकाभर कोणी तरी त्याच्यापुढें तिसरीचें पुस्तक उघडून बसावें, आणि तसें करण्यांत त्याला किंवा त्याच्या आईबापांना लाज वाटूं नये.

घरीं येणारे पाहुणे “कितवींत आहेस?” हा प्रश्न यापुढेंही विचारतील, आणि मूल “चौथींत” असें सांगेल. त्यानंतर पाहुण्यांनीं आणखी एक प्रश्न विचारावयास हरकत नाहीं: “सध्यां काय वाचतोस?” पहिल्या प्रश्नानें त्याचें वर्ष कळतें, दुसऱ्यानें त्याची इयत्ता कळते.